सरावानंतरची भूक: वाचकांचे प्रश्न

खेळणाऱ्या मुलामुलींच्या आहाराविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख दिवसातल्या एकाच वेळेवर आहे: सराव संपल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास. म्हणून या वेळी त्याच विषयाची पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात मांडली आहेत.

प्रश्न: मी एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. संध्याकाळचा सराव संपला की तेरा ते सोळा वयाचे माझे खेळाडू थेट कँटीन गाठतात आणि वेफर्स, क्रीमची बिस्किटे, थंड पेये यांवर तुटून पडतात. आहारावर मी दोनदा व्याख्यान ठेवले, भिंतीवर तक्ता लावला. विचारले तर मुले सगळी उत्तरे बरोबर देतात, पण खातात तेच. माझे काय चुकते आहे?

मुले सगळी उत्तरे बरोबर देतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच वाक्यात आहे. काय खावे हे मुलांना ठाऊक नसते, तर व्याख्यानाने काम झाले असते. अडचण ज्ञानाची नसून वेळेची आहे. दीड तास धावून घामाने निथळलेला, घसा कोरडा पडलेला मुलगा कँटीनच्या खिडकीशी उभा राहतो, तेव्हा तो भिंतीवरचा तक्ता आठवून निवड करत नाही. जे समोर दिसते, ज्याचा वास नाकात शिरतो आणि जे रांगेत न ताटकळता हातात पडते, ते तो घेतो. त्या जागी तुम्ही किंवा मी असतो, तर आपणही फारसे वेगळे वागलो नसतो.

व्यायामामुळे निवड खरोखरच बदलते का, हे अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी एका साध्या प्रयोगातून तपासले. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामशाळेत आलेल्यांना व्यायामानंतर सफरचंद किंवा ब्राउनी यांपैकी एक वस्तू मिळणार होती, आणि काहीच नको असेल तर तसेही सांगता येणार होते. काहींना ही निवड व्यायाम सुरू करण्याआधी करावी लागली, काहींना व्यायाम संपल्यावर. आधी विचारलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांनी सफरचंद मागितले. नंतर विचारलेल्यांत हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक एवढेच उरले. ब्राउनीची मागणी वाढली, आणि ‘काहीच नको’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण तर सुमारे दुप्पट झाले.

या शेवटच्या गटाकडे प्रशिक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. जोरदार व्यायामानंतर घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक काही काळ दबलेले राहते, त्यामुळे कित्येक मुलांना सराव संपताक्षणी भूकच जाणवत नाही. ती तशीच घरी जातात आणि तासाभराने स्वयंपाकघरात हाताला लागेल ते खात सुटतात. तुमच्या संघात कँटीनवर तुटून पडणारी मुले आहेत, तशी काहीही न खाता निघून जाणारीही असणार. पहिली डोळ्यांत भरतात, दुसरी नजरेतून निसटतात, एवढाच फरक.

तेव्हा निवड सरावाआधी करून घ्या. हजेरी घेता तेव्हाच प्रत्येक नावापुढच्या रकान्यात खाऊची नोंद करा: दूध आणि केळे, उकडलेली अंडी आणि ब्रेड, किंवा दही आणि फळ. तिन्ही पर्याय चांगलेच असावेत. एक चांगला आणि एक वाईट असे रकाने करून मुलांची परीक्षा घेऊ नका. आणि मागितलेली वस्तू शेवटच्या शिट्टीआधी मैदानाच्या कडेला तयार असली पाहिजे. ती येईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे लागले, तर मुले कँटीनकडे निघालेली असतील आणि नोंदवहीतल्या खाऊला कोणी विचारणार नाही.

जागेचे महत्त्व मी स्वतः जरा उशिराच शिकले. एका संघासाठी मी मोठ्या हौसेने संत्र्यांची टोपली ठेवत असे, क्रीडागृहातल्या आतल्या टेबलावर. आठवडा झाला तरी टोपली जशीच्या तशी. मग एक दिवस मुले बूट काढतात त्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येकाच्या एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिशवी, बोटांना माती. संत्रे सोलणार कोण आणि साली टाकणार कुठे? दुसऱ्या दिवशी सालीसकट चार-चार फोडी करून त्या झाकणाच्या डब्यात त्याच बाकाच्या टोकाला ठेवल्या, शेजारी ओला टॉवेल आणि सालींसाठी बादली. मुले पाणी पिऊन उठेपर्यंत डबा रिकामा झाला होता.

अशा बदलाला अर्थशास्त्रात ‘नज’ म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८ मध्ये ही कल्पना सर्वदूर पोहोचवली आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शब्दाचा अर्थ कोपराने हळूच ढोसणे. मराठीत त्यासाठी ‘कोपरखळी’ हा नेमका शब्द आहे खरा, पण तो आपण टोमण्यासाठी खर्चून बसलो आहोत, आणि या कामात टोमण्याइतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नाही. म्हणून मी नुसते ‘हळूच वळवणे’ म्हणते. त्याची अट अशी, की काहीही बंद करायचे नाही आणि काहीही लादायचे नाही; चांगली वस्तू जवळची, चटकन दिसणारी आणि बिनकष्टाची करायची.

कँटीनचालकाशीही बोला, पण वेफर्स बंद करा असे सांगू नका. तो ऐकणार नाही, आणि ऐकलेच तर मुले फाटकाबाहेरचे दुकान शोधतील. त्याला फक्त मांडणी बदलायला सांगा. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या उपाहारगृहात आधी पदार्थांवर हिरव्या, पिवळ्या आणि लाल खुणा लावण्यात आल्या आणि नंतर पाण्याच्या बाटल्या नजरेच्या उंचीवर व जागोजागी टोपल्यांत ठेवण्यात आल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मांडणी बदलल्यावर बाटलीबंद पाण्याची विक्री सुमारे एक-चतुर्थांशाने वाढली. विकणाऱ्याचा गल्ला रिकामा राहत नाही हे त्याला पटले, की पुढचे बोलणे सोपे जाते.

प्रश्न: माझा चौदा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेतो. तलावातून बाहेर आला की ‘आज दोन किलोमीटर पोहलो, आता हा माझा हक्क आहे’ असे म्हणून चॉकलेट आणि तळलेले पदार्थ मागतो. शिवाय अर्ध्या तासात प्रोटीन पावडर घेतली नाही तर सराव वाया जातो, असे त्याने मित्रांकडून ऐकले आहे. आम्ही काय करावे?

त्याची भूक खरी आहे, हे आधी मान्य करू या. थंड पाण्यात व्यायाम केल्यावर माणूस नेहमीपेक्षा जास्त खातो हे प्रयोगांतही दिसले आहे, आणि वाढीच्या वयातला मुलगा दोन किलोमीटर पोहून आला असेल तर त्याने पोटभर खाल्लेच पाहिजे. खटकतो तो ‘हक्क’ हा शब्द. व्यायाम ही शिक्षा आणि खाणे हा मोबदला, असा हिशेब त्याच्या मनात बसलेला दिसतो, आणि असा हिशेब मुले बहुतेक वेळा मोठ्यांकडूनच उचलतात. ‘छान पोहलास, चल चॉकलेट घेऊ’ हे वाक्य घरात कधी बोलले गेले आहे का, ते एकदा आठवून पाहा. लहान मुलांच्या सामन्यांचे निरीक्षण करणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की मुलांनी सामन्यात सरासरी सुमारे १७० कॅलरी खर्च केल्या आणि सामन्यानंतर पालकांनी कौतुकाने वाटलेल्या खाऊतून सुमारे २१३ कॅलरी घेतल्या. तुमच्या मुलाचा खर्च याहून पुष्कळ जास्त आहे, त्यामुळे कॅलरी मोजत बसू नका. पण बक्षीस म्हणून खाऊ देण्याची सवय मात्र मोडा. कौतुक करायचे तर त्याच्या पोहण्याविषयी बोला.

आता अर्ध्या तासाविषयी. स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा, व्यायामानंतर लगेच खाल्ले तर वेगाने भरून निघतो हे खरे आहे. परंतु त्या वेगाला महत्त्व येते ते आठेक तासांच्या आत दुसरा सराव किंवा दुसरी शर्यत असेल तेव्हा. अशा दिवशी पहिल्या चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी शिफारस प्रौढ खेळाडूंसाठी केली जाते. पुढचा सराव दुसऱ्या दिवशी असेल, तर रात्रीच्या जेवणापर्यंत साठा आपोआप भरतो आणि मित्रांनी घातलेल्या भीतीला आधार उरत नाही.

प्रथिनांचे प्रमाण व्यायामानंतर किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम असे सांगितले जाते. तुमच्या मुलाचे वजन ५० किलो धरले, तर हे साडेबारा ते पंधरा ग्रॅम झाले. दोन पेले दूध किंवा दोन अंडी यांत ते जवळजवळ निघते, त्यासाठी पावडरीचा डबा लागत नाही. स्पर्धांत उतरणाऱ्या मुलाने पावडरीपासून दूर राहण्याला आणखी एक कारण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या साहाय्याने झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत विविध देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक उत्पादनांपैकी सुमारे १५ टक्के उत्पादनांत वेष्टनावर न छापलेली संप्रेरकजन्य द्रव्ये सापडली होती.

खाण्याचा डबा दप्तराच्या तळाशी ठेवू नका. तो टॉवेलच्या घडीवर ठेवा. पोहून आलेला मुलगा सर्वांत आधी टॉवेलला हात घालतो.

प्रश्न: सरावानंतर स्पोर्ट्स ड्रिंक द्यावे का?

एक तासाच्या आसपास चाललेल्या नेहमीच्या सरावानंतर पाणी आणि खाणे पुरते. ही पेये १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी तयार झाली, म्हणजे तीव्र उष्म्यात, अंगावर जाड पोशाख चढवून तासन्‌तास खेळणाऱ्यांसाठी. शाळेतल्या सरावाला ती सरसकट लागू करण्याचे कारण नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे २,००० कॅलरींच्या आहारात अशी मुक्त साखर दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत असावी. कॅफीनयुक्त एनर्जी ड्रिंकचा प्रकार वेगळाच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच मुलांच्या आहारात त्यांना स्थान नाही असे स्पष्ट म्हटले होते आणि मला त्यात काहीही भर घालायची नाही.

प्रश्न: खेळाडू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील मेस मी सांभाळतो. फळे, दूध, अंडी, कोशिंबीर सगळे ठेवतो, तरी मुले तळलेल्या पदार्थांच्या काउंटरवर गर्दी करतात आणि फळे उरतात. मांडणी कशी असावी?

मांडणीआधी घड्याळ पाहा. मेस किती वाजता बंद होते आणि शेवटचा सराव किती वाजता संपतो, या दोन वेळांत किती अंतर आहे? माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच वसतिगृहांत खरी गोम तिथेच असते. सराव वीस मिनिटे लांबला, अंघोळीला रांग लागली, की शेवटच्या तुकडीला मेसमध्ये थंडगार भात आणि रिकामी भांडी मिळतात, आणि मग खोलीतल्या बिस्किटांच्या पुड्यांवर रात्र काढावी लागते. अशा मुलांना आपण ‘निवड चुकली’ असे म्हणतो, पण निवडायला त्यांच्यापुढे काही ठेवलेलेच नव्हते. उशिरा येणाऱ्या तुकडीची यादी प्रशिक्षकांकडून संध्याकाळीच मागवा आणि तेवढी ताटे झाकून राखीव ठेवा. हा बदल नुसता कागदावर करून भागत नाही; स्वयंपाक करणाऱ्यांपैकी एकाला उशिरापर्यंत थांबावे लागते, त्याचा मोबदला ठरवावा लागतो.

त्यानंतर मांडणी. माझ्या अनुभवात सर्वांत परिणामकारक ठरते ते न मागता मिळणारे ताट. मूल रांगेत येते तेव्हा त्याच्या ताटात दुधाचा पेला आणि कापलेल्या फळांची वाटी आधीच असावी. नको असेल तर त्याने ती खुशाल बाजूला ठेवावी. तळलेला पदार्थ हवा असेल तर तो जरूर मिळावा, पण मागितल्यावर. डिस्नेने २००६ मध्ये आपल्या करमणूक उद्यानांतील मुलांच्या जेवणाबाबत हेच केले: ताटासोबत तळलेले बटाटे आणि सोडा यांऐवजी फळे-भाज्या आणि दूध, पाणी किंवा फळांचा रस आपसूक येऊ लागला, आणि जुने पदार्थ मागितल्यावर मिळत राहिले. नंतर फ्लोरिडातील उद्यानात झालेल्या पाहणीत दिसले, की पदार्थांच्या बाबतीत जवळजवळ निम्म्या वेळा आणि पेयांच्या बाबतीत दोन-तृतीयांश वेळा ग्राहकांनी समोर आले तेच ठेवून घेतले. तेही चैन करायला आलेल्या लोकांनी.

रांगेत पहिले काय येते यालाही महत्त्व आहे, कारण रिकामे ताट पहिल्या दोन-तीन पदार्थांनी भरते. तळलेल्या पदार्थांचे काउंटर शेवटी न्या आणि कोशिंबीर पहिली आणा.

पाट्या लिहिताना एक चूक टाळा. ‘पौष्टिक’, ‘कमी तेलाचे’, ‘आरोग्यदायी’ असे शब्द वाचले की मुलांना ते पथ्याचे वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उपाहारगृहात त्याच भाज्या, त्याच पद्धतीने शिजवून, वेगवेगळ्या नावांच्या पाट्यांखाली ठेवल्या गेल्या; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चवीचे वर्णन करणारे नाव असताना साध्या नावाच्या तुलनेत २५ टक्के अधिक जणांनी भाजी घेतली, आणि ‘हे कमी, ते कमी’ असे सांगणाऱ्या आरोग्यदायी नावाच्या तुलनेत ४१ टक्के अधिक जणांनी. अर्थात नाव चुरचुरीत आणि भाजी पाणचट असेल, तर ही युक्ती एकदाच चालते.

प्रश्न: मी महाविद्यालयात शिकवतो. ‘नज’ म्हणजे मुलांना नकळत खेळवणे नाही का? शिवाय या क्षेत्रातील एका मोठ्या संशोधकाचे लेख मागे घेतले गेल्याचे मी वाचले आहे. मग यावर विश्वास कसा ठेवावा?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करते. तुम्ही वाचलेत ते खरे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉनसिंक यांची उपाहारगृहांच्या मांडणीविषयीची संशोधने एके काळी जगभर उद्धृत होत. २०१८ मध्ये त्यांचे सहा लेख एकाच दिवशी मागे घेण्यात आले, विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवण्यात आला आणि २०१९ मध्ये त्यांनी पद सोडले. ताटाचा आकार, फळांची टोपली, पदार्थांची आकर्षक नावे यांविषयी छातीठोकपणे सांगितले जाणारे बरेच काही त्यांच्या लेखांतून आलेले होते. आम्हा आहारतज्ज्ञांपैकी अनेकांनी ते डोळे झाकून पुढे सांगितले, मीही सांगितले.

त्यानंतरचे चित्रही फार गुळगुळीत नाही. २०२२ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन ‘नज’चा परिणाम मध्यम स्वरूपाचा असल्याचे सांगण्यात आले, त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले, की फसलेले प्रयोग छापलेच जात नाहीत ही बाब हिशेबात धरली तर त्या एकत्रित परिणामाचा पुरावा टिकत नाही. त्याच वर्षीच्या आणखी एका तुलनेत विद्यापीठांतून छापल्या गेलेल्या प्रयोगांत सरासरी ८.७ टक्केबिंदूंचा फरक दिसला, तर सरकारी यंत्रणांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत तो अवघा १.४ होता. म्हणून कोणी एक टोपली हलवून संघाचा आहार सुधारण्याचे आश्वासन देत असेल, तर सावध राहावे. मात्र सगळे उपाय सारखे नाहीत. आहारविषयक प्रयोगांच्या २०२० मधील एका आढाव्यात माहिती देणाऱ्या पाट्या सर्वांत दुबळ्या ठरल्या, तर सोय आणि वाढपाचे प्रमाण बदलणारे उपाय सर्वांत परिणामकारक. मी वरच्या उत्तरांत सराव संपण्याआधी अन्न तयार ठेवण्यावर भर दिला आहे, तो याच कारणासाठी. त्यात मानसशास्त्र कमी आणि व्यवस्था जास्त आहे.

राहिला नकळत खेळवण्याचा आक्षेप. कँटीनमध्ये आजही कोणीतरी मांडणी केलेलीच आहे. थंड पेयांचे काचेचे कपाट दाराशी आपोआप येऊन बसलेले नाही. मांडणी टाळता येत नसेल तर ती कोणाच्या हितासाठी करायची, एवढाच प्रश्न उरतो. तरीही तुमच्या आक्षेपातला सच्चेपणा मला मान्य आहे आणि त्यावर माझा उपाय साधा आहे: मुलांना सांगून टाकावे. ‘सराव संपल्यावर तुमचे डोके थकलेले असते, म्हणून आपण आधी ठरवून ठेवतो’ हे तेरा वर्षांच्या मुलालाही समजते. जी युक्ती मुलांना उघड सांगायला संकोच वाटेल, ती वापरू नये.

प्रश्न: मी सोळा वर्षांची असून लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. आमच्या सरांनी खाण्याच्या टेबलावर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहिलेला फलक लावला, आम्ही चांगले खावे म्हणून. तेव्हापासून मी सरावानंतर फक्त सफरचंद खाते. सुरुवातीला वेळ सुधारली, आता पाय सतत दुखतात आणि तीन महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात की धावणाऱ्या मुलींना असे होतेच. हे खरे आहे का?

नाही. असे अनेकींना होते, पण ते होऊ द्यायचे नसते. तुझे पत्र मी सर्वांत आधी वाचले आणि छापण्याची वाट न पाहता तुला उत्तर पाठवले. इथे ते देते आहे ते तुझ्यासारख्या इतर मुलींसाठी.

शरीराला धावण्यासाठी लागणारी ऊर्जा वजा केल्यावर जे उरते, त्यात हृदय, हाडे, प्रतिकारशक्ती आणि पाळीचे चक्र चालवावे लागते. उरलेले फार कमी पडू लागले की शरीर काटकसर सुरू करते आणि पाळी हा त्यातला पहिल्या काही खर्चांपैकी एक असतो. इस्ट्रोजेन कमी होते, हाडे भरायच्या वयातच भरेनाशी होतात आणि पायाच्या हाडांना बारीक तडे जाण्याचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिले आणि २०२३ मध्ये त्यावरचे मार्गदर्शन नव्याने मांडले. ऊर्जेच्या कमतरतेमुळे मुलांनाही हा त्रास होतो, फक्त पाळीसारखी उघड खूण नसल्याने तो लवकर ध्यानात येत नाही. आधी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. या आठवड्यात आईला किंवा घरातल्या ज्या मोठ्या माणसाशी तू मोकळेपणाने बोलू शकतेस त्यांना सांग, आणि पाय दुखतात हेही डॉक्टरांना आवर्जून सांग. तपासणी होईपर्यंत त्या दुखऱ्या पायांवर धावू नकोस. सुरुवातीला वेळ सुधारली म्हणून हा मार्ग बरोबर होता, असे समजू नकोस. ती सुधारणा उसनी होती.

तुझ्या सरांसाठीही चार ओळी. तुमचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, पण तो फलक आजच काढा. पोट सुटलेल्या प्रौढाला जे सावध करते, तेच वाढत्या वयाच्या मेहनती मुलीला उपासाकडे ढकलते, कारण संघातली सर्वांत शिस्तबद्ध मुलगी तुमचा फलक सर्वांत गंभीरपणे घेते. खेळाडूंच्या टेबलावर कॅलरी, वजन, ‘हलके’, ‘जड’ यांतला एकही शब्द नको. कोणी किती खाल्ले यावर विनोद नको, कौतुकही नको. सरावानंतर कोणी काहीच न खाता निघून जात असेल, तर ते ध्यानात ठेवा आणि चारचौघांत नव्हे, एकटीला बाजूला घेऊन विचारा.

प्रश्न: मी संघाचा कर्णधार आहे. सामना जिंकला की आम्ही सगळे बाहेर जाऊन भरपूर तेलकट खातो. आता प्रशिक्षक म्हणतात की कर्णधार म्हणून मी हे थांबवावे. थांबवू का?

थांबवू नकोस. महिन्यातून दोन-चारदा संघाने एकत्र बसून हसत-खिदळत खाल्ले, तर त्याने कोणाची कामगिरी बिघडत नाही, आणि तू मोडता घातलास तर पुढच्या वेळी ते तुला वगळून जातील. फक्त निघण्यापूर्वी मैदानावरच दूध, केळी आणि पाणी फिरव, आणि पहिला पेला तू स्वतः उचल. कर्णधाराने उचलल्यावर बाकीचे सहसा विचारत नाहीत. जिथे जायचे तिथे काय मागवायचे हे मात्र सामन्याच्या आदल्या दिवशी ठरवून टाका, कारण जिंकलेला आणि भुकेला संघ जेवण मागवायला बसला की टेबलावर जागा उरत नाही.